चाबी कोणाजवळ आहे? गावच्या अवजारे बँकेत इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि चाबीपेटी बसवण्याची रीत

वाफसा आला की आमच्या गावात एकाच दिवशी सगळ्यांना बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्र पाहिजे असतं. गटाच्या अवजारे बँकेत, म्हणजे सभासदांना भाड्यानं अवजारं देणाऱ्या शेडमध्ये, अशी यंत्रं दोन. अशाच एका सकाळी शेडसमोर तीन ट्रॅक्टर उभे होते आणि शेडची चाबी सापडत नव्हती. रात्री शेवटी आलेल्या भावानं ती आपल्या सालदाराजवळ दिली होती. सालदारानं ती घरी खुंटीला टांगली आणि पहाटेच्या गाडीनं तो पुसदला निघून गेला. कुलूप तोडावं की थांबावं, यातच दुपार झाली. दुपारी पाऊस आला. काळ्या मातीत त्या वेळचा पाऊस म्हणजे पुढचे चार दिवस पेरणी बंद.

कोणी चोरी केली नव्हती, कोणी खोटं बोललं नव्हतं. तरी पुढचा महिनाभर लोक एकमेकांकडे संशयानं पाहत होते. डिझेल कमी भरलं तर संशय, रोटाव्हेटरचं पातं वाकलं तर संशय. आमच्या गटानं इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि चाबीपेटी बसवायचं ठरवलं ते चोराच्या भीतीनं नाही. ‘चाबी कोणाजवळ आहे?’ या प्रश्नाला कोणत्याही वेळी एकच आणि खरं उत्तर मिळावं, एवढ्यासाठी. हे काम करताना आम्ही ज्या चुका केल्या आणि जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो आहे. पोकरातून (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून) किंवा कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून अवजारे बँक उभी केलेले शेतकरी गट, उत्पादक कंपन्या, ड्रोन मिळालेले बचत गट आणि ग्रामपंचायतीच्या पंपघराची चाबी सांभाळणारे लोक, या सगळ्यांना ते लागू पडेल.

काही विकत घेण्याआधी: मोजणी

एक दिवस पूर्ण द्या. शेड, गोदाम, कार्यालय, औषधाची (कीटकनाशकांची) खोली, डिझेलची टाकी, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, पंपघर, कपाटं, जिथं जिथं कुलूप आहे तिथं जा आणि तीन गोष्टी लिहा: कुलूप कोणतं, त्याच्या चाब्या किती, त्या आज कोणाजवळ आहेत. आमच्याकडे नऊ कुलपांच्या सव्वीस चाब्या निघाल्या. त्यातल्या सात कोणाजवळ आहेत हे कोणालाच सांगता आलं नाही. ज्या कुलपाच्या चाब्यांचा हिशेब लागत नाही ते कुलूपच बदला. जुन्या कुलपाच्या चार चाब्या गावात फिरत असतील तर महागडी चाबीपेटी बसवून उपयोग नाही.

ट्रॅक्टरकडे वेगळं लक्ष द्या. एका मॉडेलच्या बऱ्याच ट्रॅक्टरना एकच चाबी चालते, हे ड्रायव्हर लोकांना चांगलं माहीत असतं. म्हणजे आपल्या ट्रॅक्टरची चाबी पेटीत बंद असली तरी शेजारच्या गावातली चाबी त्याला लागू शकते. त्यासाठी बॅटरीच्या वायरवर आड जागी एक कटऑफ स्विच बसवून घ्या. ट्रॅक्टर मेकॅनिक ते काम तासाभरात करतो. त्या स्विचची काढता येणारी चाबीही ट्रॅक्टरच्या चाबीच्या त्याच कडीत ओवा.

जादा चाब्या एका जाड पाकिटात घाला, तोंड चिकटवा आणि जोडावर अध्यक्ष, सचिव आणि एका सभासद ताईची अशा तीन सह्या घ्या. पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये किंवा शेडपासून लांब, जबाबदार माणसाच्या तिजोरीत ठेवा. शेडच्याच कपाटात ठेवू नका.

नियम आधी, यंत्र नंतर

यंत्र फक्त सांगितलेला नियम पाळतं. नियमच ठरलेला नसेल तर विक्रेता त्याच्या सवयीनं काहीतरी भरून देतो आणि नंतर तेच आपल्या गळ्यात पडतं. म्हणून सभासदांची बैठक घ्या आणि एवढं नक्की करा: कोणती चाबी कोणाला, कोणत्या वेळेत, किती तासांसाठी, उशीर झाला तर काय, आणि नंबर कसा लागणार.

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ परतीच्या नियमाला द्या. अवजार घेऊन जाताना प्रत्येक जण वेळेवर येतो. परत आणताना अंधार पडलेला असतो, माणूस थकलेला असतो, आणि ‘उद्या सकाळी देतो’ असं होतं. आमचा नियम असा आहे: चाबी पेटीत परत गेली तरच अवजार परत आलं. अवजार शेडमध्ये उभं आहे पण चाबी खिशात आहे, तर भाडं चालूच. हा नियम ऐकायला कडक वाटला, पण पहिल्याच खरीपात लोकांनी तो मनापासून स्वीकारला, कारण तो सगळ्यांना सारखाच होता. अध्यक्षांनाही एकदा जास्तीचं भाडं भरावं लागलं आणि त्यांनी ते भरलं.

बैठकीला महिला सभासदांना बोलवाच. आमच्याकडे फवारणी पंप आणि वजनकाटा जास्त वापरणाऱ्या त्याच आहेत, आणि शेड उघडण्याची वेळ सकाळी सातऐवजी सहा करायची सूचना त्यांचीच होती.

कुठं कोणतं कुलूप लावायचं

इथं आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. विक्रेत्यानं शेडच्या दाराला चुंबकी कुलूप बसवून दिलं. चौकटीवर विद्युतचुंबक, दारावर लोखंडी पट्टी, आणि वीज असेपर्यंत साधारण २८० किलोचा जोर लावला तरी दार हलत नाही. दिसायला फार छान. पण चुंबकी कुलपाचा स्वभाव असा की वीज गेली की ते उघडतं. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ते तसंच बनवलेलं असतं आणि शहरातल्या कार्यालयात तेच बरोबर आहे. आमच्याकडे जुलैतल्या एका रात्री डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाली, बॅकअपची बॅटरी मध्यरात्रीनंतर संपली आणि सकाळी शेड उघडी सताड.

हिशेब सोपा आहे, तो कोणी आधी सांगितला नव्हता. हे कुलूप १२ व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर वीज सतत खातं. चोवीस तासांचे १२ अँपिअर-तास झाले. सोबत दिलेली बॅटरी ७ अँपिअर-तासांची. त्यात कंट्रोलरचाही खप धरला तर ती एक रात्रही धड काढत नाही.

आपल्याकडे शेड-गोदामाला वीज गेल्यावर बंदच राहणारं कुलूप पाहिजे. त्यात विजेवर चालणारा खटका किंवा दांडा असतो आणि उघडताना काही सेकंदच वीज लागते, त्यामुळे बॅटरी पुष्कळ जास्त वेळ पुरते. मात्र आतल्या बाजूला हातानं फिरवून उघडेल असा दांडा असलाच पाहिजे. त्याला चाबी, कार्ड, वीज काहीही लागता कामा नये. आत कोणी असताना शॉर्टसर्किट झालं तर त्याला एका झटक्यात बाहेर पडता आलं पाहिजे. यावर कोणाशीही तडजोड करू नका.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. आपल्या भागात जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तशी चौकट हलते. मे महिन्यात बरोबर बसलेला दांडा ऑगस्टमध्ये भोकात जात नाही. म्हणून भोक थोडं लांबट ठेवायला सांगा, बिजागऱ्या जाड घ्या आणि दोन्ही ऋतूंत जुळणी तपासा. शेड जुनी असेल आणि दार खाली झुकलेलं असेल तर आधी दार दुरुस्त करा.

तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकलेली दिसते. कार्ड वाचणारा भाग दाराबाहेर असतो. कुलूप उघडण्याचा हुकूम देणारा कंट्रोलर मात्र खोलीच्या आत असला पाहिजे. स्वस्त यंत्रात दोन्ही एकाच डब्यात असतात. तो डबा भिंतीवरून उचकटला आणि मागच्या दोन वायरी एकमेकींना लावल्या की दार उघडतं. घेताना विक्रेत्याला सरळ विचारा, ‘रिले (कुलपाला वीज देणारा स्विच) कुठं आहे? आत की बाहेर?’ उत्तर ‘बाहेर’ असेल तर ते यंत्र शेडसाठी घेऊ नका. कुलपाच्या दोन टोकांवर एक डायोडही लावून घ्या. कुलूप बंद होताना उलटा झटका येतो, तो डायोड गिळतो आणि कंट्रोलर वाचतो. चार-दोन रुपयांची ही वस्तू नसल्यानं कंट्रोलर जळालेले मी पाहिले आहेत.

जिथं वीज पोचतच नाही, समजा नदीकाठचं पंपघर, तिथं बॅटरीवर चालणारं ब्लूटूथ कुलूप चालतं. काही कुलपांत ठरावीक वेळेपुरता चालणारा आकडा मोबाइलवरून तयार करता येतो आणि कुलपाजवळ इंटरनेट नसलं तरी तो चालतो. पण कुलपाचं घड्याळ पुढं-मागं झालं की आकडा घेत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मोबाइल जवळ नेऊन वेळ जुळवा.

चाबीपेटी: दोन प्रकारांतला फरक समजून घ्या

बाजारात ‘इलेक्ट्रॉनिक चाबीपेटी’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकतात. एकीत फक्त पेटीचं दार कार्डानं उघडतं आणि आत चाब्या खिळ्याला टांगलेल्या असतात. पेटी कोणी उघडली हे तिला कळतं, कोणती चाबी नेली हे कळत नाही. दुसरीत प्रत्येक चाबी एका धातूच्या खुंटीला पक्क्या कडीनं जोडलेली असते. खुंटीत चिप असते आणि ती आपल्या खाचेत बसली की अडकते. तुम्ही कार्ड लावल्यावर तुम्हाला परवानगी असलेलीच खुंटी सुटते. चाबी घेतल्याची वेळ आणि परत आल्याची वेळ पेटी स्वतः नोंदवते. चुकीच्या खाचेत घातली तरी तिला समजतं.

दुसरी पेटी महाग आहे. तेवढे पैसे नसतील तर पहिली पेटी घेऊन मनाचं समाधान करू नका. त्यापेक्षा लहान-लहान कप्प्यांचं कपाट घ्या, प्रत्येक कप्प्याला वेगळं इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि प्रत्येक कप्प्यात एकच चाबी. कप्पा कोणी उघडला म्हणजे चाबी कोणी नेली हे आपोआप कळतं. लहान गटाला हा मार्ग चांगला.

कडी अशी पाहिजे की ती कापल्याशिवाय निघू नये. साधी कडी नखानं उघडते आणि कोणी चाबी काढून दुसरी अडकवून ठेवली तर पेटीला पत्ता लागत नाही. चाबीच्या बिल्ल्यावर ‘शेड, मागचं दार’ असं लिहू नका, फक्त आकडा लिहा. बिल्ला बाजारात पडला तर सापडणाऱ्याला ती चाबी कशाची हे कळू नये. आकड्यांची यादी कार्यालयातल्या वहीत राहील.

पेटी भिंतीत आतून चार बोल्टनी पक्की करा. माती-विटांच्या भिंतीवर बोल्ट धरत नाहीत. तिथं मागून लोखंडी पट्टी देऊन आरपार बोल्ट घाला.

बोट, कार्ड की आकडा?

आमच्या गावात सगळ्यांनी आधी अंगठा सुचवला, कारण रेशन दुकानात तोच चालतो. पण रेशन दुकानात अंगठा न लागल्यानं परत आलेल्या आजीबाई प्रत्येकानं पाहिल्या आहेत. कपाशी वेचून, निंदून, विळा धरून बोटांवरच्या रेषा झिजतात. हंगामात हाताला चीक, ग्रीस, औषध लागलेलं असतं. ज्या दिवसांत यंत्र सगळ्यात जास्त चाललं पाहिजे त्याच दिवसांत अंगठा धोका देतो. म्हणून बोटावर एकट्यावर भिस्त नको.

आम्ही कार्ड आणि सोबत चार आकडी गुप्त अंक असं ठेवलं. कार्ड सहज हातात येतं, पण हरवतं किंवा दुसऱ्याला देता येतं. आकडा सोबत असला की नुसतं सापडलेलं कार्ड कामाचं राहत नाही. कार्ड घेताना एक तपासा. स्वस्त, १२५ किलोहर्ट्झची कार्डं फक्त एक क्रमांक बाहेर सांगतात आणि ती लहानशा यंत्रावर मिनिटभरात दुसऱ्या कार्डावर उतरवता येतात. १३.५६ मेगाहर्ट्झचं जुनं मायफेअर क्लासिकही सुरक्षित समजू नका, त्याची सांकेतिक रीत २००८ मध्येच फोडली गेली. मायफेअर डेसफायरसारखं नवं कार्ड मागा, आणि वाचणारं यंत्रही ते पूर्ण वापरतं का हे विचारा. वाचणारं यंत्र कार्डाचा नुसता क्रमांकच वाचत असेल तर महागड्या कार्डाचे पैसे वाया.

एक कार्ड, एक माणूस. घरातला मुलगा ट्रॅक्टर चालवत असेल तर त्याच्या नावाचं वेगळं कार्ड द्या. सालदारालाही वेगळं द्या. ‘मालकाच्या कार्डावर सालदार’ असं सुरू झालं की नोंद खोटी होते, आणि काही बिघडलं तर बिचाऱ्या सालदारावरच येतं. त्याच्या नावाची खरी नोंद त्याचंही रक्षण करते.

यंत्र बसल्या दिवशी पहिलं काम म्हणजे कारखान्याचा गुप्त अंक बदलणं. १२३४५६, ८८८८८८, ९९९९९९ असे अंक बऱ्याच यंत्रांना दिलेले असतात आणि ते सगळ्यांना माहीत असतात. विक्रेता ‘नंतर करू’ म्हणेल. त्याच्यासमोरच बदला. नवा अंक त्या सह्या केलेल्या पाकिटात टाका.

वीज, ऊन आणि आकाशातली वीज

विदर्भात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं आयुष्य या तीन गोष्टींवर ठरतं. पेटी आणि कंट्रोलर पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असतं. शिसं-आम्लाच्या बंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळजवळ निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे शहरात चार वर्षं टिकणारी बॅटरी आपल्याकडे दोन वर्षांतच बदलायची तयारी ठेवा. जागा कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर, सावलीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर.

लाइन गेल्यावर किती वेळ चाललं पाहिजे? मी तीन दिवस धरतो, कारण वादळात खांब पडला की तेवढे लागतात. खटक्याचं कुलूप आणि कंट्रोलर मिळून सरासरी ०.१५ अँपिअर घेत असतील तर दिवसाला ३.६ अँपिअर-तास होतात. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, या हिशेबानं २० अँपिअर-तासांची बॅटरी पावणेतीन दिवस काढते. तिला ४० वॉटचं सोलर पॅनेल जोडलं तर झडीच्या दिवसांतही थोडंफार भरत राहतं. स्वतःच्या यंत्राचा खप मीटर लावून मोजा, पुस्तिकेतल्या आकड्यावर जाऊ नका.

अर्थिंग तपासून घ्या. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी घालणं हे पूजेइतकंच नेमानं करा. नेमकी पहिली वादळं आणि कडाडणाऱ्या विजा तेव्हाच येतात. वीजपुरवठ्यावर सर्ज अटकाव (विजेचा अचानक वाढलेला दाब रोखणारं उपकरण) लावा आणि बाहेरून येणाऱ्या लांब वायरींवरही. पंपघरापासून शेडपर्यंत शंभर मीटर वायर टाकण्यापेक्षा दोन स्वतंत्र कुलपं परवडतात.

पेटीच्या सगळ्या भोकांना रबरी बूच लावा. पाली आणि मुंग्या उबेला आत येतात आणि सर्किटावर मरून पडतात. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून वायर लोखंडी नळीतून न्या. सोयाबीन मळणीच्या दिवसांत पेटीवर कापड टाका, भुसा फार बारीक असतो.

अवजारांवर खूण

चाबीचा हिशेब लागला, पण वखर, डवरा, फवारणी पंप, ताडपत्री, ओलावा मोजायचं यंत्र यांना चाबी नसते. आम्ही आधी चिपचे स्टिकर आणले आणि रोटाव्हेटरवर चिकटवले. एकही वाचलं गेलं नाही. साधं स्टिकर थेट लोखंडावर लागलं की वाचता येत नाही, धातूसाठी मुद्दाम बनवलेला जाड टॅग लागतो. तोही चिखलात, उन्हात टिकला पाहिजे. शेवटी आम्ही छन्नीनं आकडा कोरला, वर पिवळा रंग दिला आणि बाजूला क्यूआर कोड असलेली अॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेटनं मारली. पट्टी निघून गेली तरी कोरलेला आकडा राहतो. टॅग फक्त महाग आणि लहान वस्तूंना लावले.

रोजची देवाणघेवाण

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नोंदणी करायची. पेरणीच्या दिवसांत चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतो आणि ती यादी शेडच्या फळ्यावर लागते. फोनवरून मधेच नंबर बदलायचा नाही. ज्याचा नंबर आहे त्याच्याच कार्डाला त्या तासांसाठी परवानगी दिली जाते.

नेताना: तासाच्या मीटरचा आकडा लिहायचा, डिझेल पाहायचं, अवजाराचा एक फोटो काढायचा. परत आणताना पुन्हा तेच, आणि धुऊन, ग्रीस देऊन. शेवटी चाबी पेटीत. तासाच्या मीटरबद्दल लक्षात ठेवा, जुन्या यांत्रिक मीटरमध्ये इंजिन ठरावीक वेगानं फिरलं तरच घड्याळाच्या एका तासाला एक तास पडतो. हळू चालवलं तर कमी पडतो. त्यावरून भांडण होण्याआधीच हे बैठकीत समजावून सांगा आणि भाडं मीटरवर घ्यायचं की घड्याळावर, ते एकदाच ठरवा.

वेळ टळली तर पेटीतून चाबी नेणाऱ्याला आणि सचिवाला मेसेज जावा. त्यासाठी सिमकार्ड असलेलं उपकरण लागतं. अनेक उपकरणं अजून टूजीवर चालतात आणि जिओवर टूजी नाही. म्हणून सिम घेण्याआधी उपकरण कशावर चालतं ते पाहा आणि शेडमध्येच रेंज तपासा. सिमचा रिचार्ज संपला की मेसेज गुपचूप बंद होतात. रिचार्जची तारीख फळ्यावर लिहून ठेवा.

औषधाची खोली आणि फवारणीचं साहित्य

हा भाग मी सगळ्यात आग्रहानं लिहितो. २०१७ च्या खरीपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या दिवसांत दवाखान्याच्या ओसरीवर बसलेली माणसं मी विसरू शकत नाही. त्यानंतर आमच्या गटाच्या कंपनीनं परवाना घेऊन कृषी सेवा केंद्र सुरू केलं, तेव्हा औषधाच्या खोलीची चाबी एकट्या माणसाला मिळणार नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवलं.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत औषध वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवायला सांगितलं आहेच. इलेक्ट्रॉनिक कुलपानं त्यात दोन गोष्टी वाढवता येतात. पहिली, दोन कार्डं लागल्याशिवाय दार उघडू नये. बहुतेक बऱ्या कंट्रोलरमध्ये ही सोय असते, ती फक्त चालू करावी लागते. आमच्याकडे लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात विषारी, औषधं आतल्या कपाटात आहेत आणि त्याला दोन कार्डं लागतात. दुसरी, फवारणी पंपाच्या कप्प्याला संरक्षक साहित्य बांधून टाका. पंप आणि हातमोजे, मुखवटा, चष्मा, ॲप्रन हे एकाच कप्प्यात, एकाच नोंदीवर. पंप पाहिजे तर साहित्य न्यावंच लागतं आणि परतही आणावं लागतं. मजुराच्या अंगावर ते चढलं की नाही हे कुलूप पाहू शकत नाही, ते वावरात जाऊन मालकानंच पाहायचं. पण ‘साहित्यच नव्हतं’ हे कारण उरत नाही.

ड्रोन असेल तर त्याची चाबी आणि रिमोट फक्त रिमोट पायलट प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या कार्डावर ठेवा. महिला बचत गटांना ड्रोन देणाऱ्या नमो ड्रोन दीदी योजनेतून प्रशिक्षण घेतलेल्या ताईंना गावातला कोणी ‘मी उडवून पाहतो’ म्हणाला तर नाही म्हणणं जड जातं. पेटी नाही म्हणते तेव्हा त्यांच्यावरचं ओझं उतरतं. ड्रोनच्या लिथियम बॅटऱ्या औषधाच्या खोलीत कधीच ठेवू नका. वेगळ्या, थंड, हवेशीर जागी, साधारण निम्म्या चार्जवर ठेवा आणि चार्जिंग चालू असताना माणूस जवळ पाहिजे.

नोंदी आणि लोकांचा विश्वास

दर सोमवारी पेटीतली नोंद पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत छापून वहीला लावा. यंत्र जळालं तर नोंद त्याच्यासोबत जाऊ नये. यंत्राचं घड्याळही पाहा. आतला लहान सेल संपला की लाइन जाऊन आल्यावर तारीख मागच्या कोणत्यातरी वर्षात जाते आणि महिनाभराच्या नोंदी निरुपयोगी होतात.

नोंद सगळ्या सभासदांना पाहता आली पाहिजे, पण बदलता कोणालाच येता कामा नये, सचिवालाही नाही. नोंदीत चूक असेल तर खाली दुरुस्तीची ओळ लिहा, वरची खोडू नका. सभासदांचा आधार क्रमांक यंत्रात भरू नका, त्याची काही गरज नाही. नाव, मोबाइल, कार्ड क्रमांक एवढं पुरतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहे. कोणती माहिती कशासाठी घेतो आणि किती दिवस ठेवतो, हे मराठीत एका कागदावर लिहून सही घ्या. सभासद सोडून गेला की त्याची माहिती काढून टाका.

कार्ड हरवलं तर रात्री बारालाही फोन करायचा, रागवायचं नाही. रागावलं की लोक लपवतात. त्याच वेळी कार्ड बंद करायचं, सकाळी नवीन द्यायचं.

यंत्र बंद पडलं तर

हे होणारच, म्हणून आधीच ठरवा. पेटीला हातानं उघडायची एक मूळ चाबी असते. ती त्या सह्या केलेल्या पाकिटात ठेवा. पाकीट फोडायचं तर दोन पदाधिकारी हजर पाहिजेत, वेळ आणि कारण वहीत लिहायचं आणि काम झाल्यावर नवीन पाकीट, नव्या सह्या. यंत्र दुरुस्त होईपर्यंत लाल रंगाची एक वही चालवा: चाबीचा आकडा, नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, सही. ही वही पेटीशेजारीच दोरीनं बांधलेली असू द्या, पेनासकट. वर्षातून एक दिवस मुद्दाम यंत्र बंद ठेवून फक्त वहीवर काम चालवून पाहा. आम्ही पहिल्यांदा तसं केलं तेव्हा मूळ चाबी पेटीला लागतच नाही असं निघालं, विक्रेत्यानं दुसऱ्याच पेटीची दिली होती.

वर्षातून दोनदा पूर्ण मोजणी करा. एक मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात. दुसरी खंडेनवमीला. त्या दिवशी तशीही सगळी अवजारं बाहेर निघतात, धुतली जातात, हळद-कुंकू लागतं. आमच्याकडे पूजेच्या आधी एक जण यादी वाचतो, दुसरा कोरलेला आकडा पाहून ‘आहे’ म्हणतो, आणि पेटीतली प्रत्येक चाबी काढून तिच्या कुलपाला लावून पाहिली जाते. सोयाबीनची मळणी तोंडावर असते, तेव्हा जे सापडत नाही ते शोधायला हातात आठवडाभर वेळ असतो.